विद्येची हुंडणावळ

घरातला मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी परदेशी जाणार असे ठरले, म्हणजे घरच्या बैठकीत जो पहिला प्रश्न निघतो तो कोणते विद्यापीठ नामांकित आहे हा नव्हे. कोणते परवडेल, हा तो प्रश्न असतो. मग कागद पुढे येतो, फीचे आकडे मांडले जातात, कुणी शेताचा उतारा काढून ठेवायला सांगतो, आणि मामा-काकांपैकी जामीन कोण राहील याचा अंदाज घेतला जातो. यात लाजण्यासारखे काही नाही. हा प्रश्न निदान दीडशे वर्षांचा जुना आहे आणि फार मोठ्या माणसांच्या घरांतही तो निघालेला आहे.

आपल्या चरित्रग्रंथांनी मात्र त्याची फारशी दखल घेतलेली नाही. 'पुढे ते उच्च शिक्षणासाठी विलायतेस गेले' एवढ्या एका वाक्यात चरित्रकार बोटीचा प्रवास उरकतो आणि दुसऱ्या वाक्यात नायकाच्या हाती पदवी देतो. पैसे कुणी दिले, कोणत्या अटीवर दिले, त्या साली रुपयाला किती पेन्स मिळत होते, खाणावळीचे काय झाले, हे विचारणे जणू असभ्यपणाचे. आम्हांला उलट असे वाटते की त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत पुष्कळ इतिहास दडलेला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : परदेशी विद्यापीठाची खरी किंमत फीच्या तक्त्यात कधीच नव्हती. ती पैसे देणाऱ्याच्या अटीत होती आणि हुंडणावळीच्या, म्हणजे एका देशाचे नाणे दुसऱ्या देशाच्या नाण्यात बदलण्याच्या, दरात होती. आणि पैशाने ज्याला जिकडे ढकलले तिकडची विद्या घेऊन तो परत आला.

प्रथम अटीची गोष्ट घेऊ. १८७८ साली गोपाळराव जोशी यांनी कोल्हापूरहून वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले. पत्नीस अमेरिकेत शिक्षण द्यावयाचे आहे, आपल्याला तेथे काही काम मिळेल काय, असा त्याचा आशय. वाइल्डर यांचे उत्तर गोडीचे होते, पण त्यात एक अपेक्षा होती : ख्रिस्ती धर्म स्वीकारावा. तो स्वीकारला असता तर खर्चाचा प्रश्न बहुधा तेथेच मिटला असता. जोशी दांपत्याने तो स्वीकारला नाही. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या मासिकात छापला आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात तो आला. दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या असताना त्यांनी तो वाचला, असे सांगतात. त्या बाईंनी कोणतीही अट न घालता घर उघडले. आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि पेनसिल्व्हानियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील प्रमुख रेचेल बॉडली यांनी शिष्यवृत्तीची व्यवस्था केली. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली.

येथे खर्चाचा हिशेब संपला असे कागदावर दिसते. तो संपलेला नव्हता. तिकडची थंडी, शाकाहार सांभाळताना झालेली आबाळ आणि क्षय यांनी आपली वसुली केली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभागावर नेमणूक झालेली असताना, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यास वारल्या. घर मिळाले, फी भागली, पण पोटाची आणि अंगाची तजवीज झाली नाही. खर्चाचे अंदाजपत्रक मांडताना आजही लोक हाच रकाना सर्वांत शेवटी आणि सर्वांत लहान मांडतात.

आनंदीबाई अमेरिकेस गेल्या, परंतु त्या काळात जाणाऱ्याचा ओढा सामान्यतः इंग्लंडकडेच असे. इंग्लंड काही स्वस्त नव्हते. तरी लोक तिकडे का जात? कारण तेथून मिळणाऱ्या पदवीला इकडे ठरलेला भाव होता. सनदी नोकरीची परीक्षा १९२२ पर्यंत फक्त लंडनमध्ये होत असे. बॅरिस्टरीची सनदही तेथेच. राज्यकर्त्याच्या देशात जाऊन त्याचीच मोहोर उठवून आणायची, म्हणजे घातलेला पैसा वसूल होण्याची बऱ्यापैकी खात्री, असा हा व्यवहार होता. त्यातही हुंडणावळीची काच होतीच. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. चांदीचा भाव उतरत गेला तसा रुपया घसरला आणि १८९४ च्या सुमारास त्याला जेमतेम एक शिलिंग एक पेनी मिळू लागला. बापाने मुलाच्या नावाने बाजूला ठेवलेली रक्कम तीच, पण पंचवीस वर्षांत तिचे विलायती मोल निम्म्यावर आले. पुढे १८९८ पासून सुमारे वीस वर्षे रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर, म्हणजे पौंडाला पंधरा रुपये या दरावर, टिकून राहिला.

याच मार्गावर दोन निरनिराळ्या पैशांनी गेलेली दोन माणसे पाहण्यासारखी आहेत. दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ मध्ये केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत पहिल्या जागेचे मानकरी, सीनियर रँग्लर, झाले. त्यांनी मनात आणले असते तर मोठ्या पगाराच्या जागा त्यांना दूर नव्हत्या. ते परतले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून रुजू झाले. आजीव सदस्य म्हणजे वीस वर्षांची सेवा आणि महिना पंचाहत्तर रुपये. सरकारी पैशाचे ऋण त्यांनी अशा रीतीने सरकारला न फेडता पुण्याच्या मुलांना फेडले.

दुसरे विनायक दामोदर सावरकर. श्यामजी कृष्णवर्मा यांनी हिंदी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या तेव्हा त्यांत एक अट घातली होती : ती घेणाऱ्याने परत आल्यावर ब्रिटिश सरकारची नोकरी करावयाची नाही. सरदारसिंह राणा यांनी महाराणा प्रताप, शिवाजी आणि अकबर यांच्या नावांनी शिष्यवृत्त्या देऊ केल्या. त्यांतील शिवाजी शिष्यवृत्ती टिळकांच्या शिफारशीने सावरकरांना मिळाली आणि १९०६ मध्ये ते लंडनला गेले. राहण्यासाठी हायगेट भागातील इंडिया हाउस होते. १९०५ मध्ये उघडलेले हे विद्यार्थिगृह म्हणजे परदेशी गेलेल्या मुलाचा दुसरा मोठा खर्च, बिऱ्हाडाचा, वाचविण्याची सोय होती, आणि एकाच छपराखाली पंचवीसेक तरुण राहू लागल्यावर तेथे काय शिजले ते सर्वांना ठाऊकच आहे. ग्रेज इनने पुढे सावरकरांना बॅरिस्टरीची सनद दिली नाही. ज्या मालाला इकडे ठरलेला भाव होता तो माल मिळालाच नाही. पण शिष्यवृत्ती देणाऱ्याला तो हवा तरी कुठे होता!

ज्यांना सरकारची शिष्यवृत्ती नाही आणि श्यामजींसारखा आश्रयदाता नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी दोन वाटा उघडल्या, जपानची आणि अमेरिकेची. १९०४ मध्ये कलकत्त्यास जोगेंद्रचंद्र घोष यांच्या पुढाकाराने एक संस्था निघाली. हिंदी तरुणांना शास्त्रीय व औद्योगिक शिक्षणासाठी बाहेर धाडणे हे तिचे काम. जपान जवळ होता, बोटीचे भाडे कमी होते, आणि १९०५ मध्ये रशियाला नमविल्यापासून त्याचे नाव घरोघर झाले होते. तिकडे काच करायला शिकायचे, साबण आणि काड्यापेट्या करायला शिकायचे. ईश्वरदास वार्ष्णेय हे जपानमध्ये आणि पुढे अमेरिकेत काचेची विद्या शिकून आले. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा गोळा करून उभ्या केलेल्या पैसा फंडाचा तळेगावचा काच कारखाना १९०८ मध्ये त्यांच्या हाताखाली सुरू झाला. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तळेगावच्या काचेच्या चिमण्या आणि पेले गेले. त्यामागे अशी एक कमी खर्चाची परदेशी विद्या होती.

अमेरिकेची वाट आपल्याला नवी नव्हती. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ मध्येच मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत शिकत होते. परंतु गरीब विद्यार्थ्याला अमेरिका परवडू लागली ती एका वेगळ्या कारणाने, आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने तेथील राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या उत्पन्नावर शेती आणि यंत्रविद्या शिकविणारी सार्वजनिक महाविद्यालये उभी राहिली. तेथे शेतकऱ्याचा मुलगा सुटीत मजुरी करून फी भरत असे आणि त्याला कुणी हसत नसे. लंडनमध्ये बॅरिस्टर होऊ पाहणाऱ्याने खाणावळीत बशा धुतल्या असत्या तर त्याची सनद जवळजवळ पाण्यात गेली असती. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ते रोजचे होते. म्हणजे डॉलरमध्ये द्यावयाची फी डॉलरमध्येच मिळविता येत होती. हुंडणावळीचा प्रश्नच उरत नव्हता. अमेरिका स्वस्त होती ती अशी. फी हलकी म्हणून नव्हे.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच वाटेने गेले. जपानमार्गे ते अमेरिकेस पोचले, मिळेल ते काम करीत राहिले, ऑरेगनच्या कृषी महाविद्यालयात व पुढे वॉशिंग्टन राज्याच्या महाविद्यालयात शेतकी शिकले आणि गदर पक्षाच्या उभारणीत पडले. पंजाबी मजुरांबरोबर राबत शिकणाऱ्या तरुणाचा गदरशी संबंध यावा, आणि लंडनच्या बोर्डिंगमध्ये राहणाऱ्याचा न यावा, यात काही नवल नाही. इंग्रजांनी त्यांना परत येऊ दिले नाही. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. मका आणि गहू यांच्या वाणांवर त्यांनी काम केले. विदर्भातल्या मुलाची विद्या अशी मेक्सिकोच्या शेतात रुजली.

फीच्या एका आकड्याने माणसाच्या विचाराची दिशा कशी फिरते याचे सर्वांत बोलके उदाहरण जयप्रकाश नारायण यांचे आहे. ते बिहारचे, पण महाराष्ट्राच्या राजकारणाशी त्यांचा निकटचा संबंध. १९२२ मध्ये ते कॅलिफोर्नियास उतरले आणि द्राक्षे तोडणे, फळे डबाबंद करणे, बशा धुणे असली कामे करून बर्कलीच्या विद्यापीठात शिकू लागले. विद्यापीठाने फी दुप्पट केली. ती झेपेना, म्हणून ते आयोवाच्या विद्यापीठात गेले, तेथून विस्कॉन्सिनला. विस्कॉन्सिनमध्ये त्यांची गाठ समाजवादी विचाराच्या मंडळींशी पडली आणि तेथे ते मार्क्सवादी झाले. १९२९ मध्ये ओहायोच्या विद्यापीठाची एम. ए. घेऊन ते परतले. १९३२-३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी यांच्यासारखे सोबती त्यांना भेटले आणि त्या तुरुंगातील चर्चेतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना निघाली. १९३४ मध्ये पक्ष स्थापन झाला. बर्कलीने फी वाढविली नसती तर हे घडलेच नसते असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण ज्या वाटेने ते घडले ती वाट फीने आखून दिली होती, एवढे तर दिसतेच.

आता बाबासाहेब आंबेडकरांकडे वळू. परदेशी शिक्षणाच्या खर्चाचे जेवढे प्रकार असतात ते सगळे या एका माणसाच्या आयुष्यात येऊन गेले.

१९१३ मध्ये बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. विद्यापीठ न्यूयॉर्कचे, कोलंबिया. सयाजीराव १९०६ मध्ये अमेरिका पाहून आले होते, तेथील शाळा आणि ग्रंथालये त्यांच्या मनात भरली होती, आणि १९१० मध्ये बोर्डेन नावाच्या ग्रंथपालास त्यांनी तेथून बडोद्यास आणविले होते. देणाऱ्याची नजर अमेरिकेकडे होती, म्हणून घेणारा अमेरिकेस गेला. अट अशी, की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावयाची. तसा करार लिहून दिला होता. साडेअकरा पौंड म्हणजे त्या वेळच्या दराने एकशे साडेबहात्तर रुपये, किंवा छप्पन्न डॉलरांच्या आसपास. यातूनच घरी पैसे पाठवावयाचे, यातूनच न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून ग्रंथ घ्यावयाचे. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी हिंदुस्थानातील जातींवरचा आपला निबंध वाचला, आणि त्याच वर्षी लंडनला जाऊन अर्थशास्त्र विद्यालयात व ग्रेज इनमध्ये नाव घातले.

पण शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. लंडनला चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत विद्यापीठाने दिली, एवढाच दिलासा. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. तेथे काय घडले ते सर्वश्रुत आहे : कोलंबियाच्या पदवीधराला बडोदे शहरात राहायला बिऱ्हाड मिळेना. पारशी खानावळीत नाव लपवून राहावे लागले, आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या मंडळींनी त्यांना बाहेर काढले. दहा वर्षांचा करार काही दिवसांतच मोडला. शिष्यवृत्तीच्या करारात घेणाऱ्याने काय करावयाचे ते सारे लिहिलेले होते. त्याला राहायला घर मिळेल की नाही, हे मात्र कुणी लिहून ठेवले नव्हते.

दुसरी फेरी त्यांनी शिष्यवृत्तीवर नव्हे तर नोकरी करून वाचविलेल्या आणि उसनवारीच्या पैशांवर केली. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ च्या नोव्हेंबरपासून १९२० च्या मार्चपर्यंत प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. न्यूयॉर्कच्या वसतिगृहातील सोबती नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. शाहू महाराजांनीही मदत केली. १९२० च्या जुलैमध्ये ते निघाले. हे वर्ष हुंडणावळीच्या इतिहासात मोठे चमत्कारिक आहे. महायुद्धाच्या अखेरीस चांदी कडाडली, आणि १९२० च्या फेब्रुवारीत रुपया दोन शिलिंग आठ पेन्सांच्याही वर गेला. सरकारने तो दोन शिलिंगांवर बांधण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि १९२१ मध्ये रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास येऊन आदळला. पाच हजार रुपयांचा हिशेब करून पाहा. दोन शिलिंगांच्या दराने त्यांचे पाचशे पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सांच्या दराने तीनशे तेहतीस. एकाच कर्जाच्या कागदावर, एका वर्षाच्या अंतराने, एकशे सदुसष्ट पौंडांचा फरक! आणि त्या काळी महिना साडेअकरा पौंडांत विद्यार्थ्याचा निर्वाह होई असे धरले, तर ते चौदा महिने होतात.

लंडनमध्ये बाबासाहेब सकाळी ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात शिरत ते संध्याकाळी बाहेर पडत. रात्री भूक लागली की मुंबईहून कुणी दिलेले पापड पत्र्यावर भाजून खात, असे धनंजय कीरांनी लिहिले आहे. खर्चाच्या गोष्टी सांगणारा असा चरित्रकार विरळा. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले. नंतर ज्या विषयावर डी. एस्सी.चा प्रबंध लिहिला तो विषय होता रुपयाचा प्रश्न, म्हणजे हीच हुंडणावळ आणि चलनाची व्यवस्था. विद्वत्तेच्या दृष्टीने विषयाची निवड स्वाभाविक होतीच. पण ज्याच्या खिशातल्या नाण्याचे मोल महिन्या-महिन्याला बदलत होते, त्याला हा विषय केवळ पुस्तकातून कळला असेल असे आम्हांला वाटत नाही. प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागला. १९२३ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी तो लंडनला ग्रंथरूपाने निघाला.

कोलंबियाच्या डॉक्टरेटची कथाही ऐकण्यासारखी आहे. तेथला नियम असा, की प्रबंध मान्य झाला तरी तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्यावाचून पदवी प्रदान होत नसे. विद्वत्ता १९१७ पर्यंत सिद्ध झाली होती. छपाईचा खर्च उरला होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ मध्ये छापून झाला, आणि १९२७ मध्ये डॉक्टरेट मिळाली. ग्रंथ सयाजीराव गायकवाडांना, शिक्षणात केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञतापूर्वक, अर्पण केलेला आहे. बडोद्याने जे सोसायला लावले ते विसरून नव्हे, असे आम्ही समजतो. देणारा आणि त्याचे शहर यांत त्यांनी फरक केला.

लंडनचा अभ्यास चालू असतानाच, १९२२ मध्ये, त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते. मार्क त्या वेळी कोसळत होता. युद्धापूर्वी डॉलरला चार मार्कांहून थोडे अधिक मिळत; १९२२ च्या जानेवारीत दोनशेच्या आसपास, डिसेंबरात सात हजारांच्या वर, आणि १९२३ च्या नोव्हेंबरात चार लाख कोटींहून अधिक. ज्याच्याजवळ पौंड किंवा रुपये होते अशा परक्या विद्यार्थ्याला बर्लिनमध्ये खोली, जेवण आणि पुस्तके मातीमोलाने मिळत. त्याच वेळी तेथल्या प्राध्यापकाचा पगार सकाळी हाती पडून संध्याकाळपर्यंत निरुपयोगी होई. आपली स्वस्ताई ही कुणाची तरी उपासमार होती, हे तेथे गेलेल्या विचारी मुलांना दिसल्यावाचून राहिले नसेल. झाकीर हुसेन १९२२ मध्ये बर्लिनला गेले आणि १९२६ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले, पुढे राष्ट्रपती झाले. मार्क सावरल्यावरही हा ओघ आटला नाही. म्यूनिकच्या जर्मन अकादमीने हिंदी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. राममनोहर लोहिया लंडन टाळून बर्लिनला गेले.

इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या त्या कर्जावर. कर्ज डॉ. जीवराज मेहता यांनी दिले. सासरे महर्षी कर्वे यांचा या बेताला विरोध होता. पती दिनकरराव मात्र स्वतः लाइप्त्सिकचे रसायनशास्त्राचे डॉक्टर, त्यांना जर्मन विद्यापीठाचे मोल ठाऊक होते. इरावतीबाईंचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे. कवट्यांची मापे घेऊन गोऱ्यांच्या मेंदूचे वेगळेपण दाखविण्याचे काम त्यांना मिळाले होते. त्यांनी मापे घेतली आणि तसा काही संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. कर्ज डोक्यावर, परका देश, आणि गुरूच्या मताविरुद्ध पुरावा हातात. अशा वेळी माणूस काय लिहितो यावरून त्याने परदेशी विद्येला किती किंमत दिली ते कळते. तीन वर्षांनी हिटलर आला आणि बर्लिनची वाट बंद होत गेली.

स्वातंत्र्यानंतरचा काळ आपल्या घरांच्या आठवणीत आहे, म्हणून तो आम्ही भरभर सांगतो. परकीय चलनाची इतकी टंचाई, की एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेस निघालेला विद्यार्थी आठ डॉलर खिशात घेऊन विमानात बसे. तो जाऊ शकला, कारण तेथील विद्यापीठे सहायक अध्यापकाचे काम देत; खानखोजे यांचीच युक्ती, फक्त बशांच्या जागी उत्तरपत्रिका. मॉस्कोत १९६० मध्ये लोकमैत्री विद्यापीठ निघाले आणि तेथे सारेच सरकारी खर्चाने होते. ६ जून १९६६ रोजी डॉलर चार रुपये शहात्तर पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. हजार डॉलरांची फी एका दिवसात चार हजार सातशे साठ रुपयांवरून साडेसात हजार झाली. १९६७ मध्ये इंग्लंडने परदेशी विद्यार्थ्यांना वेगळी फी लावली, अडीचशे पौंड, जेव्हा तिकडच्या मुलाला सत्तर पौंड पडत. १९८० पासून तर पूर्ण खर्चच वसूल करावयास आरंभ केला.

तेव्हापासून एकेक फुकट देश या यादीतून गळत आला आहे. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना डेन्मार्कने २००६ मध्ये फी लावली, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये, नॉर्वेने २०२३ मध्ये. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने २०१७ पासून सत्राला दीड हजार युरो घेण्यास सुरुवात केली, आणि म्यूनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून. जेथे फी नाही तेथेही निर्वाहाची रक्कम आधी बँकेत अडकवून दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरात जर्मनीने हा आकडा वर्षाला ११,९०४ युरो केला. त्यामुळे अमक्या देशात शिक्षण फुकट आहे असे कुणी सांगितले, तर ही बातमी कोणत्या सालची, असे आपण विचारावे.

आणि कर्ज काढणाऱ्याने दुसरा प्रश्न विचारावा : हे कर्ज कोणत्या नाण्यात फिटणार? २०१३ च्या मे महिन्यात डॉलर पंचावन्न रुपयांच्या आसपास होता, ऑगस्टअखेर तो अडुसष्टांवर गेला. त्या उन्हाळ्यात ज्याची फीची दुसरी वर्षासन भरावयाची होती त्याच्या बापाला चार महिन्यांत जवळजवळ चौथा हिस्सा अधिक उभा करावा लागला. मुलाला तिकडे काही काळ कमावता आले तर हा फरक त्याच्याच बाजूने झुकतो, कारण थोड्या डॉलरांत रुपयांचे मोठे कर्ज फिटते. त्याला शिक्षण संपताच परतावे लागले, तर घरावरचे तारण रुपयांतल्या पगारातून सोडवावे लागते, आणि तो पगार डॉलरकडे पाहून वाढत नाही. म्हणून पदवीनंतर त्या देशात काम करण्याची मुभा किती दिवसांची, हा मुद्दा फीच्या तक्त्याइतकाच महत्त्वाचा आहे. दुर्दैवाने तो नियमही फीप्रमाणेच बदलत असतो, आणि मूल शिकत असतानाही बदलतो. फी थोडी अधिक पण काम मिळण्याचा संभव मोठा असे विद्यापीठ, आणि फी नाही पण भाषा येत नसल्यामुळे काम मिळणार नाही असे विद्यापीठ, यांत पहिले स्वस्त पडण्याचा संभव पुष्कळ आहे. जर्मनीस जाणाऱ्याने जर्मन शिकण्याचा खर्च आणि एक वर्ष हे फीतच धरावे. बाबासाहेब ती भाषा शिकले होते, इरावतीबाईही शिकल्या होत्या.

राहिली शिष्यवृत्ती. अनुसूचित जाती-जमातींतील मुलांना परदेशी पाठविण्याची केंद्र सरकारची योजना १९५४-५५ पासून आहे. फी, निर्वाह, विमानभाडे, सर्व काही तीत येते, आणि तिने पाठविलेल्या मुलांच्या घरांत त्यापूर्वी पारपत्र कुणी पाहिलेले नसे. सयाजीरावांच्या दानशूरपणावर एकट्या भीमरावाचे भाग्य अवलंबून होते ते असे अनेकांचा हक्क झाले. पण शिष्यवृत्तीला अट असतेच, आणि ती वाचावी लागते. २०२२ मध्ये सामाजिक न्याय खात्याने या योजनेची जी नियमावली काढली, तीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचे सामाजिक अभ्यास हे विषय परदेशी जाऊन शिकण्यासाठी यापुढे साहाय्य मिळणार नाही, असे कलम घातले गेले. हे विषय शिकण्यास इथेच पुरेशी साधने आहेत, असे त्याचे कारण देण्यात आले. गोल्डनवायझर यांच्या वर्गात १९१६ मध्ये वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध याच विषयांत मोडतो.